तडा भोपळ्याला, हिशेब पाण्याचा

वेलीवरचा भोपळा तडकला की शेतकरी आधी बियाण्याला बोल लावतो, मग खताला, मग औषध विकणाऱ्याला. पाण्याची पाळी सगळ्यांत शेवटी येते, आणि तोवर फळ सडून गेलेले असते. माझे म्हणणे असे की हा क्रम उलटा हवा. फळाला गेलेला तडा हा बहुतेक वेळा फळाचा आजार नसतो. गेल्या काही आठवड्यांत त्याला पाणी कसे कमी-जास्त मिळत गेले, त्याचा तो परिणाम असतो. म्हणून मध्य प्रदेशातल्या माळव्यात, धार आणि देवास जिल्ह्यांत फळे-भाज्या तडकून जे नुकसान होते, त्यावरचा उपाय फवारणीच्या पंपात शोधण्याआधी शेततळ्यात, ठिबकच्या नळीत आणि मोजपट्टीत शोधायला हवा. या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र माळव्यात मिळत नाही. तो मिळतो महाकाय भोपळ्यांच्या स्पर्धा जिथे भरतात त्या इंग्लंड, अमेरिका, इटली, जर्मनीत. भोपळा वाढवत न्यायचा आणि तरीही तो फुटू द्यायचा नाही, या एका गोष्टीवर तिथल्या हौशी बागवानांनी पन्नासएक वर्षे डोके लावले आहे.

या स्पर्धांतले आकडे ऐकून आपल्याकडे आधी विश्वासच बसत नाही. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातले हॉवर्ड डिल यांनी १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षे जागतिक विजेतेपद मिळवले. १९८१ मधला त्यांचा विक्रमी भोपळा सव्वादोनशे किलोंच्या घरात होता. त्यांनी निवड करत तयार केलेला ‘अटलांटिक जायंट’ हा वाण आजच्या जवळजवळ सर्व महाकाय भोपळ्यांचा पूर्वज आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या रॉन वॉलेस यांचा भोपळा ९११ किलोंचा भरला. २०१४ मध्ये स्वित्झर्लंडच्या बेनी मायर यांनी हजार किलोंची हद्द ओलांडली. २०२३ मध्ये ट्रॅव्हिस गिंगर यांनी कॅलिफोर्नियात १,२४७ किलोंचा भोपळा काट्यावर चढवला. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या इयन आणि स्टुअर्ट पेटन या जुळ्या भावांनी १,२७८ किलोंचा नवा विक्रम केला. ऐन वाढीच्या दिवसांत असे फळ चोवीस तासांत वीस-वीस किलो वजन घेते. ज्या फळाची साल रोज इतकी ताणली जाते, ते आपल्या सहनशक्तीच्या काठावरच उभे असते. पाण्यातली छोटीशी चूकही तिथे लपत नाही.

भोपळ्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. फळ वाढते म्हणजे आतल्या पेशी पाणी ओढून फुगतात आणि वरच्या सालीला त्यांच्याबरोबर पसरावे लागते. साल कोवळी असेतो ती पसरते. पाण्याचा खंड पडला किंवा ऊन थेट फळावर उतरू लागले की ती राठ होते, तिची वाढ थांबते. मग एकाएकी भरपूर पाणी मिळाले तर गर फुगतो, साल जागची हलत नाही, आणि वाढत्या मुलाच्या अंगात जुना सदरा उसवावा तशी ती उसवते. हे बहुधा रात्री किंवा पहाटे घडते. दिवसा पाने हवेत पाणी सोडत असतात. रात्री ते जवळजवळ थांबते, मुळे मात्र पाणी ओढतच राहतात, आणि तो दाब फळात उतरतो. त्यामुळे आदल्या संध्याकाळी धड असलेले फळ सकाळी उकललेले दिसते आणि शेतकरी आदल्या दिवशी काय घडले ते आठवत बसतो. खरे तर चूक दोन-तीन आठवड्यांपूर्वी, साल राठ झाली तेव्हा झालेली असते.

ताजा तडा जवळून न्याहाळला तर बरेच कळते. कडा ओलसर असतात, आतला गर पिवळाधमक दिसतो, आणि कडेवर डिंकासारखे पारदर्शक थेंब येऊन काही तासांत तांबूस, घट्ट होतात. तडा उथळ असेल आणि हवा कोरडी असेल तर त्या कडा वाळतात आणि त्यांवर बुचासारखी खरबरीत, फिकट तपकिरी खपली धरते. खरबुजाच्या सालीवरची जाळी ही मुळात अशाच बारीक भेगांवर धरलेली खपली आहे. म्हणजे जखम भरून काढण्याची सोय या कुळातल्या फळांना निसर्गानेच दिली आहे. बियांच्या पोकळीपर्यंत तडा गेला की मात्र ही सोय संपते. हवा, पाणी, बुरशी आत शिरते आणि बाहेरून टणक दिसणारे फळ आतून पाझरू लागते.

स्पर्धेचे बागवान तडा दिसल्यावर काय करतात? पहिले काम, तो किती खोल आहे ते पाहणे. उथळ असेल तर त्यावरचा ओलावा टिपून घेतात, पंखा लावून तो कोरडा ठेवतात, बुरशीनाशकाची पूड किंवा लेप लावतात, आणि लगेच पाणी व नत्र कमी करून फळाच्या वाढीचा वेग उतरवतात. हवाबंद लेपाखाली ओल कोंडली तर सड वाढते, म्हणून जखम बुजवून टाकण्याची घाई ते करत नाहीत. पण या सगळ्यांपैकी काहीही तडा सांधत नाही. सड थोपवता येते, एवढेच. म्हणूनच त्यांची खरी मेहनत तडा जाण्याआधीची असते. फळावर कापडाचे छत घालून साल उन्हाने राठ होऊ द्यायची नाही. फळाखाली वाळूचा थर द्यायचा, म्हणजे फुगणाऱ्या बुडाला सरकायला जागा मिळते. देठाजवळच्या वेलीची मुळे सोडवून ठेवायची, कारण फळ उंच होऊ लागले की जमिनीला जखडलेली वेल देठाला ओढ देते आणि देठच चिरतो. पाणी थोडे थोडे, पण चुकवायचे नाही. मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर आधीचे पाणी आवरते घ्यायचे. आणि रोज फळाचा घेर टेपने मोजून वहीत लिहायचा. या शेवटच्या सवयीला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. घेर एका दिवसात नेहमीपेक्षा जास्त वाढला, तर फळ तडकण्याआधीच वही ते सांगते.

अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतील डेव्हिड हू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये या भोपळ्यांच्या आकाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. फळ जड होत जाते तसे ते स्वतःच्या वजनाने बसकट होते, त्याच्या तळाशी कमान तयार होते, आणि वाढ चालू असल्यामुळे ते ताण सोसत सोसत आकार बदलत राहते, हा त्याचा गाभा. वजन आणि ताण फळाला सोसतात ते वाढ संथपणे होत असेल तर. धोका आहे तो वाढीने घेतलेल्या झटक्याचा. महाकाय भोपळ्याच्या बाबतीत जे खरे, ते दोन किलोंच्या भोपळ्याला, टोमॅटोला आणि डाळिंबालाही लागू पडते.

आता आपल्या भुईकडे वळू. माळव्याची काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगा बारीक मुळे तोडत जातात. म्हणजे इथे फळ तडकण्याआधी जमीन तडकलेली असते. पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, तोही मोजक्या झडींत येतो. दोन झडींच्या मध्ये मोठी ओढ पडते. विजेची पाळी आली की मोटर सुरू करून मोकाट पाणी सोडायचे आणि पुढच्या पाळीपर्यंत रान वाळू द्यायचे, हा सिंचनाचा रूढ प्रकारही त्या ओढीचीच नक्कल करतो. धार जिल्हा तर विंध्याच्या रांगेने दुभंगलेला आहे: वर बदनावर-सरदारपूरचा पठारी माळवा, खाली मनावर-कुक्षी-धरमपुरीचे निमाड. माती, उष्णता, पाण्याचे स्रोत सगळे निराळे. तरी दोन्हीकडे टोमॅटो, पपई, खरबूज, भोपळा तडकण्याची तक्रार निघते तेव्हा सल्ला सहसा एकच मिळतो, तो म्हणजे औषधाच्या बाटलीचा.

ज्या भागाची पावलोपावली पाणी अशी ख्याती, त्या माळव्यात देवास शहराला १९९० मध्ये इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आजच्या तरुण शेतकऱ्यांना सांगूनही पटणार नाही. शहरातली जुनी तळी दुर्लक्षित झाली आणि जिल्ह्यात कूपनलिका शेकडो फूट खोल जाऊनही कोरड्या निघू लागल्या, त्याचा तो शेवट होता. पण याच देवासने पुढे वेगळा धडाही दिला. २००६ पासून तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना, सुरुवातीला मोठ्या शेतकऱ्यांना, आपल्या जमिनीचा लहानसा हिस्सा तळ्याला द्यायला राजी केले. टोंकखुर्द तालुक्यातून हे काम पसरले आणि काही वर्षांत जिल्ह्यात अशी हजारो तळी झाली. त्यांना ‘रेवासागर’ हे नाव मिळाले. शेततळ्यांसाठीची मध्य प्रदेश सरकारची बलराम तलाव योजनाही याच सुमारास, २००७ मध्ये आली. तळ्यांचे कौतुक झाले ते रब्बीचे क्षेत्र वाढले म्हणून, आणि ते योग्यच होते. माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. शेतातल्या तळ्याने पाण्याचे प्रमाण वाढते, तसे पाणी केव्हा द्यायचे याचे स्वातंत्र्यही मिळते. पावसाने ओढ दिली की आठव्या-दहाव्या दिवशी शेतकरी थोडे पाणी देऊ शकतो, साल राठ होऊ देत नाही, आणि नंतरची झड फळ सोसते. तड्यांच्या दृष्टीने पाहिले तर तळ्याचा सर्वांत मोठा लाभ हाच, आणि त्याची नोंद कुणी ठेवत नाही. पाणी अडवून पुरवून वापरणे इथे नवेही नाही. नदी नसलेल्या डोंगरावर धार जिल्ह्यातले मांडू वसले ते पावसाचे पाणी साठवण्याच्या जोरावर. तिथला जहाज महाल दोन तलावांच्या मध्ये उभा आहे, आणि धार शहरात मुंज सागर व देवी सागर आजही आहेत.

यावर पहिला आक्षेप असा येईल की महाकाय भोपळे हा सुखवस्तू लोकांचा छंद आहे. एका वेलीवर एकच फळ ठेवून बाकीची खुडणाऱ्यांचे धडे दोन-चार बिघे जमिनीवर पोट भरणाऱ्याने का गिरवावेत? शिवाय फळाला जबरदस्तीने वाढवून ते लोक स्वतःच तडे ओढवून घेतात. आक्षेपातला दुसरा भाग खराच आहे, पण त्यामुळेच त्यांचा अनुभव मोलाचा ठरतो. फळ कुठल्या टोकापर्यंत ताणले जाते आणि कधी तुटते, हे मर्यादेपर्यंत गेलेल्यालाच कळते. आणि त्यांच्याकडून घ्यायचे ते छत नव्हे, पंखाही नव्हे. मळ्यातली चार-पाच फळे निवडून त्यांचा घेर आठवड्यातून दोनदा शिंप्याच्या टेपने मोजायला खर्च काय?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बोरॉन आणि कॅल्शियम कमी पडले की फळे तडकतात, मग पाण्याचाच धोशा कशाला? डाळिंबात बोरॉनची उणीव हे तडकण्याचे एक मान्य कारण आहे. डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापूरजवळ आहे आणि महाराष्ट्रातल्या डाळिंब बागायतदारांना हा विषय पाठ आहे. पण कॅल्शियम झाडात चढते ते पाण्याच्या प्रवाहाबरोबर, आणि जमीन वाळली की बोरॉन मुळांना मिळेनासे होते. म्हणजे जमिनीत द्रव्य असूनही पाण्याच्या खंडामुळे ते फळापर्यंत पोचत नाही. तिथे फवारणी केली तर थोडा आधार मिळतो. मूळ कारण मात्र तसेच राहते. माती-परीक्षणात उणीव दिसली तर ती जरूर भरून काढावी. माझा विरोध आहे तो परीक्षण न करता आणि पाण्याकडे न पाहता बाटली घेण्याला.

अवकाळी पाऊस कुणाच्या हातात नाही, हा तिसरा आक्षेप. काही पिकांत तो पूर्ण खरा आहे. नाशिकची द्राक्षे ऐन तयार झाली असताना पाऊस आला तर मणी सालीतूनही पाणी शोषतात आणि तडकतात. तिथे कितीही शिस्तीने पाणी दिले तरी पुरत नाही, म्हणून बागांवर प्लास्टिकचे आच्छादन घालण्याकडे कल वाढला आहे. भोपळा, टोमॅटो, खरबूज, डाळिंब यांची गोष्ट थोडी वेगळी. शेजारच्या दोन शेतांवर सारखाच पाऊस पडतो. एकात जमीन आधीपासून वाफशावर असते, दुसऱ्यात ती भेगाळलेली असते. पहिल्या शेतातल्या फळाला झटका कमी बसतो. पाऊस थोपवता येत नाही. पण पाऊस येईल तेव्हा आपले रान कुठल्या स्थितीत असेल, हे बऱ्याच अंशी शेतकऱ्याच्या हातात असते. ठिबक आणि जमिनीवरचे आच्छादन यांचे खरे मोल इथे आहे. खरबूज-कलिंगडाला मात्र पिकण्याच्या दिवसांत पाणी हळूहळू कमी करत न्यावे लागते. गोडी वाढावी म्हणून ते एकदम तोडणे आणि मग राहवत नाही म्हणून पुन्हा भरपूर देणे, यातच खूप फळे जातात.

तळ्यांवरही टीका होते आणि ती ऐकून घेतली पाहिजे. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी शेततळी पावसाने भरण्याऐवजी विहिरी आणि कूपनलिका उपसून भरली गेली. जमिनीखालचे सुरक्षित पाणी वर आणून उन्हात उडून जायला ठेवले गेले. ही चूक धार-देवासने करू नये. इथल्या चिकण काळ्या मातीत पाणी फारसे मुरत नाही, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी प्लास्टिकचे अस्तरही लागत नाही, आणि देवासची तळी पावसाच्या पाण्यावरच उभी राहिली. अनुदान द्यायचे तर अशाच तळ्यांना द्यावे. लहान शेतकऱ्याची जमीन तळ्यात जाते हा प्रश्न मात्र खरा आहे. एका बिघावाल्याला स्वतःचे तळे परवडत नाही; तिथे दोन-चार शेतकऱ्यांनी मिळून एक सामाईक तळे, हाच मार्ग दिसतो, आणि त्यासाठी पंचायतीने पुढाकार घ्यावा लागेल.

राहिला बाजार. मोठ्या फळाला गिऱ्हाईक मिळते, मग कोण अखंड फळाची फिकीर करणार, असे म्हटले जाते. लाल भोपळ्याच्या बाबतीत तरी हे टिकत नाही. भोपळ्याची अर्धी किंमत त्याच्या टिकण्यात आहे. धड फळ कोरड्या, हवेशीर जागी महिने-महिने राहते. घरात माळ्यावर ठेवून गरजेला काढायचे आणि भाव वाढला की बाजारात न्यायचे, हे ते फळ करू देते. तडकलेला भोपळा चार दिवसांत निकाली निघतो, तोही व्यापारी म्हणेल त्या भावाने. मोठ्या आकाराचे वेड आपल्याकडेही आहे. धारच्या शेजारच्या अलीराजपूर जिल्ह्यातला कट्ठीवाड्याचा नूरजहाँ आंबा एकेक फळ दोन-तीन किलोंचे देतो आणि झाडावर असतानाच त्याची मागणी नोंदवली जाते. ते कौतुक व्हावे. पण कृषी मेळाव्यांत आणि भाजीपाल्याच्या स्पर्धांत बक्षीस फक्त आकाराला मिळाले की शेतकऱ्याला संदेश जातो तो असा: काहीही करून वाढव. महाकाय भोपळ्यांच्या जागतिक स्पर्धांचा नियम इथे शिकण्यासारखा आहे. ‘ग्रेट पम्पकिन कॉमनवेल्थ’च्या स्पर्धांत पोकळीपर्यंत तडा गेलेले किंवा सडके फळ कितीही जड असो, ते फक्त पाहण्यापुरते ठेवले जाते, क्रमांकासाठी धरले जात नाही. वर्षभराची मेहनत शेवटच्या आठवड्यातल्या एका तड्याने बाद होते. नियम कठोर आहे, तरी तो बदलावा असे मला वाटत नाही, कारण त्याच नियमामुळे तिथल्या बागवानांनी वजनाइतकेच लक्ष पाण्याच्या शिस्तीकडे दिले. धार आणि देवासमधल्या मेळाव्यांनी हीच अट घालावी: फळ अखंड हवे, आणि त्याच्या वाढीची वही सोबत हवी.

वही शेतकऱ्याने ठेवावी, पण ती वाचणारे कुणीतरी लागेल. दोन्ही जिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रे आहेत. त्यांनी एकाच वाणाचा भोपळा किंवा टोमॅटो तीन प्रकारच्या रानांत लावून पाहावा: मोकाट पाण्याच्या, ठिबकच्या, आणि तळ्यातून पावसाची ओढ भरून काढणाऱ्या. घेर, जमिनीतला ओलावा, पाऊस आणि तडकलेल्या फळांची संख्या दर आठवड्याला लिहावी, आणि ते आकडे गावागावांत फलकावर लावावेत. मग बोरॉनचा वाटा किती, पाण्याचा किती, वाणाचा किती, हा वाद मतांवर न राहता मोजमापावर येईल. आणि माझे म्हणणे कुठल्या मातीत कमी पडते, तेही दिसेल. माळव्यात उन्हाळी भोपळा जानेवारी-फेब्रुवारीत लावतात. फळ धरायला मार्च उजाडतो, म्हणजे पहिला घेर मोजण्यापूर्वी तयारीला महिना-दोन महिने मिळतात.